तुटलेला स्पार्क प्लग काढायला पीळवाला इझी-आऊट घ्यावा की चौकोनी?

प्लगचं डोकं पान्यासकट हातात आलं आणि आट्यांचा भाग इंजिनच्या हेडमध्येच राहिला, की दुकानात इझी-आऊटचे, म्हणजे अडकलेला तुकडा आतून पकडून फिरवत काढायच्या कडक पोलादी हत्याराचे, दोन प्रकार पुढे येतात, उलट्या पिळाचा आणि चौकोनी निमुळता. मी दोन्ही वापरलेत. आतली चिनीमाती आधी काढायची हे दोन्हीला लागू, त्यावर वेळ घालवत नाही.

पीळवाला वापरायला सोपा, हे मान्य. ठोकाठोकी फार नाही, स्कूटरच्या अडचणीच्या जागेतही जातो, डावीकडे फिरवलं की आपोआप रुततो. पण तो पकडतो एकाच बाजूने, आणि माझं डोकं तिथेच फिरलं. अल्युमिनियमच्या हेडमध्ये जाम झालेले आटे सरळ ओढून सुटत नाहीत हो, जरा सोडायचं, परत जरा आवळायचं, तेल सोडायचं, परत फिरवायचं, असं हलवत हलवतच येतात. हा उजवीकडे फिरवला की प्लग सोडून स्वतःच बाहेर येतो. मग उरतं काय, तर डावीकडे जोर लावत राहणं, आणि जितका जोर तितका तो आत घुसून प्लगची पातळ भिंत फुगवतो, म्हणजे सुटायचं सोडून अजून घट्ट. त्यात स्प्लेंडर, ॲक्टिव्हाच्या प्लगचे आटे 10 मिमीचे, आत मावणारा इझी-आऊट बारीकच, आणि कडक पोलाद वाकत नाही, कट्कन तुटतं. तुटलेल्या तुकड्यावर साधं ड्रिल चालत नाही. 14 मिमीच्या प्लगला जाड बसतो, तिथे ही धास्ती कमी.

चौकोनी ठोकूनच बसवावा लागतो, आणि जास्त ठोकला तर तोही भिंत फुगवतो, हे सांगायला हवं. पण कोपरे एकदा रुतले की आटे पाडायच्या टॅपच्या हँडलने दोन्हीकडे फिरतो. आधी केसभर हलतं, मग आट्यांतून काळपट तेल वर येतं, ते दिसलं की घाई करू नका, येतोय तो. काही जुने मिस्त्री कानशीचं मुठीत जाणारं टोक ठोकून हेच करतात.

हेड कोमट असेल तर दोन्हींचं काम हलकं होतं, कारण तापल्यावर अल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं.

घरात पीळवाला पडलेला असेल आणि प्लग 14 चा असेल तर नवीन घेऊ नका, चालून जाईल. 10 मिमीला मात्र मी तरी चौकोनीच उचलेन, आणि त्यानेही हललं नाही तर अजून जोर न लावता हेड उतरवून लेथवाल्याकडे द्या, गॅस्केटचा खर्च परवडतो.