‘डीच्या पुढे येत नाही, ताई’: ३२ एफचा सात महिन्यांचा अनुभव

माझं काम मोजण्याचं आहे. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर, समोर ड्रॉइंग, आणि माप टॉलरन्सबाहेर गेलं की पार्ट लाल क्रेटमध्ये. अशी बाई वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत ३८ सी मापाची ब्रा घालून फिरत होती आणि तिचं खरं माप निघालं ३२ एफ. सहा इंचांचा फरक. आमच्याकडे अर्ध्या मिलिमीटरवरून भांडणं होतात.

हे ३८ आलं कुठून ते आधी सांगते. कॉलेजात असताना आई मला दहीपुलाजवळच्या एका दुकानात घेऊन गेली. आई आजही ब्रा म्हणत नाही, ‘बॉडी’ म्हणते, आणि तेही आवाज खाली घेऊन. काउंटरमागच्या दादांनी माझ्याकडे अर्धा सेकंद पाहिलं, “छत्तीस” म्हणाले आणि खोकी काढली. ट्रायल नाही, बदलून मिळणार नाही, कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत. लग्नानंतर ती काचायला लागली, तेव्हा दुसऱ्या दुकानातले दादा म्हणाले, “एक नंबर मोठी घ्या ना ताई.” झालं ३८. या सगळ्या वर्षांत टेप कुणीच काढली नाही, मीसुद्धा नाही.

त्या ३८चं काय व्हायचं? खालचा पट्टा सैल, त्यामुळे तो पाठीवर वर चढायचा. मागून चढला की पुढून सगळं खाली यायचं. मग मी खांद्याचे पट्टे आवळायचे. संध्याकाळी खांद्यांवर वळ, बोट ठेवलं तर बसेल एवढे खोल. एप्रिल-मेमध्ये छातीखाली घामोळं, म्हणून रुमालाची घडी करून तिथे खोचायची (हे किती जणी करतात ते मी विचारून पाहिलंय, हसू नका). इंदिरानगरहून स्कूटरवर पाथर्डी फाट्याकडे निघालं की गतिरोधक दिसताच दोन्ही कोपरं आपोआप आत यायची. हे सगळं असंच असतं, आपली ठेवणच तशी, असं मी धरून चालले होते.

गेल्या नोव्हेंबरमध्ये एकदाची मोजायला बसले. मॅचिंगच्या दुकानातून शिंप्याची टेप आणली आणि सवयीने आधी ती कंपनीतल्या स्टीलच्या पट्टीवर लावून पाहिली. बारा इंचांत एक सूत चुकीची. दुसरी आणली, ती बरोबर निघाली. मग आरशासमोर उभी राहून, श्वास सोडून, छातीच्या अगदी खाली टेप घट्ट धरली. ती पाठीमागेही सरळ आहे ना ते बघायचं, तिथेच चूक होते. माप आलं ३१. मग छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावर, टेप न आवळता: उभं राहून साडेअडतीस, कमरेत वाकून ४०. मी ३९ धरले.

आता गणित. आकडा छातीखालच्या पट्ट्याचा, अक्षर कपाचं. जुनी पद्धत अशी की छातीखालच्या मापात चार-पाच इंच मिळवायचे. ३१ अधिक ५ म्हणजे ३६. ३९ वजा ३६ म्हणजे ३, म्हणजे सी कप. आला की नाही दुकानातल्या दादांचा आकडा! नजरेने असेल, पण त्यांनी फॉर्म्युल्याप्रमाणेच दिलं होतं. पट्ट्याचं कापड ताणलं जात नसे तेव्हा ही भर घालण्यात काही अर्थ असेल. आता पट्ट्यात इलॅस्टेन म्हणजे ताणणारा धागा असतो, तो अंगावर ताणूनच बसायला हवा. म्हणून नवी पद्धत सरळ आहे. ३१च्या लगेच वरचा सम आकडा ३२. ३९ वजा ३२ म्हणजे ७. एक इंच ए, दोन बी, तीन सी, चार डी, पाच डबल डी, सहा ई, सात एफ. हे ब्रिटिश माप. अमेरिकी मापात डबल डीनंतर ट्रिपल डी येतं, त्यालाच काही जण एफ म्हणतात, आणि सात इंचांना जी. म्हणजे माझीच छाती एका लेबलवर एफ आणि दुसऱ्यावर जी. ऑनलाइन घेताना तक्ता कुठल्या देशाचा आहे ते न बघता ऑर्डर दिलीत तर परतीचीच तयारी ठेवा.

आणखी एक, कारण ‘एफ’ ऐकून मैत्रिणींचे डोळे विस्फारतात. नुसत्या अक्षराला अर्थ नाही. ३२ एफचा कप, ३४ ईचा, ३६ डबल डीचा आणि ३८ डीचा कप साधारण एकाच आकारमानाचे असतात. पट्टा मोठा होत जातो तसं अक्षर मागे येतं. त्यामुळे ३८ घेतल्यावर मला कप जेमतेम पुरत होता आणि पट्टा वाऱ्यावर होता. आणि मुख्य भार पट्ट्यानेच पेलायचा असतो, खांद्यांनी नाही. माझ्या आजीला हे बिनगणिताचं कळत होतं. तिच्या खणाच्या चोळीची गाठ बरोबर छातीखाली यायची, करकचून मारलेली, आणि चोळी शिंप्याने तिच्याच मापाने शिवलेली असायची. खांद्यावर वळ घेऊन आजी कधी झोपली नसणार.

मग बाजार. सुट्टीच्या दिवशी मेन रोड, नंतर कॉलेज रोड, शेवटी मॉल. कॉलेज रोडच्या एका दुकानात बाई होत्या, त्यांनी कुर्त्यावरूनच टेप लावली, ओढणीसकट. “छत्तीस हो ताई.” मी म्हटलं, “बत्तीस एफ हवंय.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तांदळाच्या दुकानात डिझेल मागितलं. “डीच्या पुढे येत नाही, ताई. लेडीज मागतच नाहीत.” आणि माझी सोय म्हणून ४० डी काढून दिली. “डी मोठाच असतो, घालून बघा.” मागतच नाहीत, कारण असतं हेच माहीत नाही, आणि माहीत नाही, कारण दुकानात येत नाही. कपांना अक्षरं देण्याची पद्धत अमेरिकेत १९३०च्या दशकात निघाली, तेव्हा ती ए ते डी एवढीच होती. आपली गाडी अजून त्याच स्टेशनावर उभी आहे. (ब्राचं १९१४चं अमेरिकी पेटंट मेरी फेल्प्स जेकब या बाईंचं, आणि त्यांनी पहिली ब्रा दोन रेशमी रुमाल आणि फीत जोडून केली होती. रुमालापासून सुटका नाही म्हणायची.)

शेवटी ऑनलाइन. आधी वाचून घेतलं, कारण बऱ्याच ठिकाणी अंतर्वस्त्रं परत घेत नाहीत. जिथे घेतात तिथून वेगवेगळ्या मापांच्या चार मागवल्या, एक ठेवली, तीन परत. परतीची गंमत ऐका. न्यायला आलेल्या मुलाला वस्तू तपासून फोटो काढावे लागतात. तो आमच्या सोसायटीच्या जिन्यात उभा, हातात माझी जांभळी ब्रा, टॅग शोधतोय, आणि वरून दुसऱ्या मजल्यावरचे काका भाजीची पिशवी घेऊन उतरतायत. काका बिचारे भिंतीकडे बघत गेले. मुलगा शांतपणे म्हणाला, “मॅडम, क्वालिटी चेक करावा लागतो.” मी काय बोलणार, जन्म त्यातच चाललाय. टॅग सापडला, पैसे चार दिवसांत आले.

नावं लिहीत नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचं फिटिंग वेगळं निघालेलं मी मोजलंय, नाव वाचून तुम्ही भलतंच मागवाल. प्रकार सांगते. ठेवली ती ब्रिटिश मापाची, तारेची, बिनपॅडची, कप तीन तुकडे जोडून शिवलेला, काखेच्या बाजूला एक आडवी पट्टी. ३,४०० रुपये. हो, लागले. नंतर एक भारतीय, बिनतारेची, १,३५० रुपयांची. आणि एक स्पोर्ट्स, दोन्ही बाजू वेगळ्या धरणारी. नुसती छातीवर दाबून बसवणारी माझ्या मापाला चालत नाही, मध्ये सगळं एक होऊन जातं.

पहिल्या दिवशी तारेची घातली आणि वाटलं, हे फारच घट्ट आहे. सवय सैलची होती ना. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे. पट्टा ढिला पडत जातो तसं आत यायचं. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जातात आणि श्वास अडत नाही, तर माप बरोबर. घातल्यावर पुढे वाकून, हाताने काखेकडचा भाग पुढे कपात ओढून घ्यायचा. हे पहिल्यांदा केलं आणि कपात एवढं काय काय आलं की मीच चकित. मधली तार छातीच्या हाडावर टेकली, आधीची बोटभर अंतरावर तरंगत असायची. आणखी एक परीक्षा: खांद्याचे पट्टे उतरवून घरातल्या घरात दोन उड्या मारा. खालचा पट्टा जागेवर राहिला तर जिंकलात.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पट्टा मोजते, न ताणता आणि पूर्ण ताणून. मुलगी म्हणते, आई वेडी झाली. तारेची: नोव्हेंबरमध्ये २६ आणि साडेबत्तीस, आता जूनमध्ये सव्वासत्तावीस आणि ३४. दुसऱ्या हुकावर आलेय, तिसरा शिल्लक आहे. भारतीय: लेबलवर ३२च, पण पहिल्याच दिवशी ताणून ३६ भरली. तेव्हाच परत करायला हवी होती, पण कापड मऊ होतं म्हणून मोह झाला. आता शेवटच्या हुकावरही पाठीवर चढते. ती घरात आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात वापरते, कारण त्या दिवसांत छाती भरते आणि तार टोचते. तेव्हा तारेचीला एक्स्टेंडर लावूनही भागतं. मेन रोडला हुकांची ती छोटी पट्टी तीस रुपयांना मिळाली.

आता तक्रारी. मार्चमध्ये मी माहेरी गेले असताना सासूबाईंनी प्रेमाने सगळे कपडे मशीनमध्ये टाकले. परत येते तर डाव्या काखेतून तार बाहेर, प्लॅस्टिकचं टोक निघालेलं, आत धातूची चपटी पट्टी चमकतेय. कारखान्यातली मी, कानशीने आधी टोक गोल केलं, मग तार आत सारून काजाच्या टाक्याने तोंड बंद केलं. तीन महिने टिकलंय. त्यानंतर सासूबाईंना वेगळी बादली दाखवून ठेवलीये. थंड पाणी, हाताने, पिळायची नाही, टॉवेलात दाबून सावलीत. आणि रोज तीच घालायची नाही, मधे एक दिवस सुट्टी दिली की इलॅस्टिक परत आवळतं.

घामोळं या उन्हाळ्यात जवळजवळ नाही. घाम येतोच, पण छाती उचललेली राहते, कातडीला कातडी घासत नाही. खांद्यांचे वळ गेले. मानदुखी मात्र गेली नाही, थोडी कमी आहे. दिवसभर वाकून गेज बघते, ते खापर ब्रावर कशाला फोडू. स्पोर्ट्स घालून पांडवलेणीच्या पायऱ्या उतरून आले. चढताना काही कळत नाही, खरी परीक्षा उतरताना असते, आणि मी कोपरं मोकळी सोडून उतरले.

एक खर्च कुणी सांगितला नव्हता: ब्लाउज. छाती जिथे असायला हवी तिथे आली आणि सगळ्या ब्लाउजांचे टक्स दोन बोटं खाली पडले. साडी नेसले तर पुढे रिकामा फुगा. आमच्या गल्लीतल्या शिवणवाल्या काकूंनी टेप लावली, परत लावली, आणि म्हणाल्या, “तुमचा पॉइंट वर कसा गेला गं बाई?” सांगितलं. सहा ब्लाउज उसवून टक्स बदलायचे दीडशे रुपये प्रत्येकी घेतले आणि मग दार लोटून म्हणाल्या, “माझं पण काढ जरा माप.” त्यांचं निघालं ३६ ई. घालत होत्या ४२ बी.

सध्या अडचण वेगळीच. आता पाऊस लागेल, आणि सावलीत वाळणारी गोष्ट दोन-दोन दिवस ओलीच राहते. भरवशाची एकच, म्हणून तीच दुसरी मागवायला गेले, तर माझ्या मापात फक्त भडक लाल शिल्लक. पांढऱ्या कुर्त्याखाली काय होईल ते दिसतंच आहे. मागवली. रविवारपर्यंत येईल, आल्या आल्या पट्टा मोजेन.