सांगलीतील वेब सुरक्षा तपासणी सेवा : काम चोख, अहवाल बोजड

आमच्या बेदाणा कोल्ड स्टोअरेजच्या वेब प्रणालीची सुरक्षा तपासणी आम्ही विश्रामबागेतील एका छोट्या संस्थेकडून करून घेतली. मालाच्या पावत्या, भाड्याची बाकी आणि शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक याच प्रणालीत असल्याने ‘लॉगिनला ओटीपी आहे, कुलपाचे चिन्ह दिसते, मग काळजी कसली’ हे ती बनवणाऱ्याचे उत्तर संचालकांना पटत नव्हते.

तपासणीतला बराच वेळ क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी, अर्थात सीएसआरएफ (लॉगिन केलेल्या माणसाच्या ब्राउझरकडून परक्या साइटने त्याच्या नकळत विनंती पाठवून घेणे), या त्रुटीवर खर्च झाला आणि तो सत्कारणी लागला. अभियंत्याने ‘आजचे बेदाणा दर’ अशा मथळ्याचे एक पान तयार केले, चाचणी प्रणालीत लॉगिन करून बसलेल्या आमच्या क्लार्कला त्याची लिंक उघडायला सांगितली, आणि दर वाचून होण्याआधीच एका नमुना शेतकऱ्याचा खाते क्रमांक बदललेला होता. पासवर्ड चोरीला गेला नव्हता की नव्याने ओटीपी मागितला गेला नव्हता. त्या पानात दडवलेला फॉर्म परस्पर आमच्या सर्व्हरकडे गेला आणि ब्राउझरने इमानेइतबारे लॉगिनची कुकी, म्हणजे लॉगिन झाल्याची ब्राउझरने जपलेली खूण, सोबत जोडून दिली.

वास्तविक ‘सेमसाइट’ची (परक्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत कुकी जावी की नाही हे ठरवणारी) नोंद नसलेली कुकी ‘लॅक्स’, म्हणजे अंशतः बंधन असलेली, समजण्यास क्रोमने २०२० मध्ये सुरुवात केली, त्यामुळे परक्या साइटवरून आलेल्या पोस्ट (फॉर्ममधली माहिती पाठवणाऱ्या) विनंतीसोबत ती सहसा जात नाही. आमच्याकडे मात्र पेमेंट गेटवेवरून परतताना ग्राहक लॉगआउट होतो म्हणून कोणीतरी ती ‘नन’, म्हणजे असे बंधनच नसलेली, करून ठेवली होती. हे हुडकून काढणे ही या तपासणीची खरी कमाई. पावती रद्द करण्याची सोय तर साध्या गेट लिंकवर (एरवी नुसते पान उघडण्यासाठी असते तशा) चालत होती आणि अशा लिंकवर क्लिक झाल्यास लॅक्सचाही अडसर राहत नाही. प्रत्येक फॉर्ममध्ये अंदाज न बांधता येणारे टोकन (सर्व्हरने दिलेला गुप्त संकेत), सर्व्हरवर त्याची पडताळणी आणि खाते क्रमांक बदलताना पुन्हा ओटीपी, हे सुचवलेले उपाय आमच्या प्रोग्रामरला सहज जमले.

अहवाल मात्र संपूर्ण इंग्रजीत, टूलने काढलेल्या किरकोळ नोंदींनी फुगवलेला आहे. लॉगआउटच्या बटणाला टोकन नसणे आणि खाते क्रमांक बदलता येणे या दोन्ही गोष्टींना त्यात ‘मध्यम’ अशी एकच श्रेणी दिली आहे, ती कोणत्या हिशेबाने हे कळले नाही. दुरुस्तीनंतरच्या फेरतपासणीचे शुल्क वेगळे असते हेही कोटेशनमध्ये नमूद नव्हते, त्यामुळे काम देण्यापूर्वी ते लेखी घ्यावे आणि संचालक मंडळासाठी मराठी गोषवारा आधीच मागून ठेवावा.