ऑस्ट्रेलियाचं मृत्यू-ऑडिट, पुण्यातल्या भूलतज्ज्ञाच्या नजरेतून: पाचपैकी चार

मी भूलतज्ज्ञ. घर कोथरूडला, पण निम्मे कॉल भोर-वेल्ह्याकडचे. रॉयल ऑस्ट्रेलेशियन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या शस्त्रक्रिया-मृत्यू ऑडिटमधून ज्या केस-नोट पुस्तिका निघतात, त्यांच्याबद्दल हा अभिप्राय. पीडीएफ उतरवून घ्यायची, पैसे पडत नाहीत.

कारभार असा: सर्जनच्या नावावर दाखल असलेला पेशंट दगावला, मग ऑपरेशन झालेलं असो वा नसो, की सर्जन फॉर्म भरतो. नावं, हॉस्पिटल सगळं झाकून तो फॉर्म त्याच शाखेच्या दुसरीकडच्या सर्जनकडे जातो. त्याला शंका आली तर केसपेपर मागवून आणखी एकजण तपासतो. शेरे तीन पायऱ्यांचे. वेगळं करता आलं असतं, पण त्यावर दुमत होऊ शकतं; काळजी याहून चांगली घ्यायला हवी होती; आणि तिसरा, आजाराने नव्हे तर उपचारांनीच इजा झाली. स्कॉटलंडात १९९४ मध्ये सुरू झालेली ही पद्धत पश्चिम ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये उचलली आणि मग ती इतर राज्यांत गेली.

मला खरं पटलं ते फॉर्ममधलं ट्रान्सफरचं प्रकरण. तिथे डार्विन ते अ‍ॅलिस स्प्रिंग्ज रस्त्याने सुमारे १५०० किलोमीटर, त्यामुळे हा प्रश्न त्यांना टाळताच येत नाही. पेशंट हलवायला उशीर झाला का? वाटेत पुरेशी देखभाल होती का? सोबत पुरेशी कागदपत्रं होती का? हा शेवटचा प्रश्न वाचून मी थांबलेच. आपल्याकडे आतडं फुटलेला पेशंट येतो तेव्हा नातेवाइकाच्या शर्टाच्या खिशातून घडी घातलेली चिठ्ठी निघते: 'पोटात दुखते, पुढील उपचारासाठी रेफर.' वेळ नाही, बीपी नाही, लघवी किती झाली ते नाही, कोणतं अँटिबायोटिक कधी दिलं तेही नाही. आता नवले पुलावर गाडी तासभर अडकली होती की पेशंट मुळात सकाळपासून तिकडेच पडून होता, हे मी कशावरून ठरवायचं? आणि ते ठरत नाही तोवर पुढच्या वेळी नेमकं काय सुधारायचं?

पुस्तिकांमध्ये अशी प्रकरणं थोडक्यात येतात, खाली तपासनिसाचा शेरा. भाषा कोरडी, कुठेही वडीलकीचा उपदेश नाही. शिरेत रक्ताच्या गाठी होणं टाळण्याचा उपाय, सलाइनचा हिशोब, आयसीयूत हलवण्याचा निर्णय, हेच विषय फिरून फिरून येतात. थोडं कंटाळवाणं होतं, पण मृत्यूही बहुधा असेच एकसारखे होतात.

एक तारा कापला तो स्वार्थापोटी. फॉर्म सर्जनचा, तपासणारा सर्जन, शेरा सर्जनचा. रात्री वॉर्डात नाडी मोजणाऱ्या सिस्टरला काय दिसलं होतं, हे कळायला फारसा वाव नाही. शिवाय मरता मरता वाचलेले पेशंट या चाळणीत येतच नाहीत. शिकण्यासारखं त्यांच्याकडेही पुष्कळ असतं.

इथे हे जमेल का? मातामृत्यूंचं अन्वेषण आपण करतोच, त्यामुळे सवय अगदीच नाही असं नाही. पण ऑस्ट्रेलियात ऑडिटच्या कागदांना कायद्याचं संरक्षण आहे. इथे १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले. पेशंटच्या बाजूने ते योग्यच, पण संरक्षण नसताना 'आज मी वेगळं काय केलं असतं' या फॉर्ममधल्या रकान्यात कोण खरं लिहील? हॉस्पिटलातल्या मृत्यू आणि गुंतागुंतींवर चर्चा करणाऱ्या एम अँड एम मीटिंगलासुद्धा वरिष्ठ बोलले की खोली गप्प होते.

डीएनबीच्या (पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या) मुलांनी आणि ग्रामीण रुग्णालयात एकट्याने ओटी सांभाळणाऱ्यांनी जरूर वाचाव्यात. सगळं छापत बसू नका. ट्रान्सफरचे प्रश्न तेवढे मराठीत उतरवून अर्ध्या पानावर घ्या, झेरॉक्स काढा आणि १०८ च्या गाडीत पेशंटसोबत द्या. वेळेचा रकाना सगळ्यात वर ठेवा.