डबल बॉइल्ड जवसाचं तेल : जुन्या टाटा २०७ पिकअपवर लावून वर्ष झालं

बोनेटवरून हात फिरवला की तळहात निळा व्हायचा. आमची टाटा २०७ दादांनी २००३ साली घेतली आणि त्याच वर्षी अंबडच्या एका पेंटरकडून निळ्या सिंथेटिक इनॅमलने रंगवून घेतली. मागच्या फाळक्यावर पिवळ्या अक्षरांत 'दादांची मोसंबी'. वीसेक उन्हाळे खाल्ल्यावर टपाचा निळा खडूसारखा झाला, कडांना रंगाखालचं लाल रेड ऑक्साईड प्रायमर उघडं पडलं आणि जिथे मोसंबीचे क्रेट घासायचे तिथे तर नुसता तांबूस पत्रा. ऊन आधी रंगातला धरून ठेवणारा भाग खातं. मग उरते ती सुटी भुकटी, आणि तीच हाताला लागते.

दादा गेल्यावर गाडी नवी करून टाक, असं सगळ्यांनी सांगितलं. मला ती आहे तशीच ठेवायची होती, फक्त आणखी झिजू द्यायची नव्हती. जालन्याच्या एका गॅरेजात हे समजावून सांगितलं. पोराने मान डोलावली आणि मी चहाला गेलो तेवढ्यात फाळक्यावर रबिंग कंपाऊंड, म्हणजे रंग घासून चकाकवायची पेस्ट, मारली. परत येईस्तोवर 'मो' गेला होता. तेव्हापासून आमच्या घरची पोरं गाडीला 'संबी' म्हणतात. तिथेच मॅट क्लिअर कोटचे, म्हणजे वरून मारायच्या बिनचमकीच्या पारदर्शक थराचे, बावीस हजार सांगितले होते. पण गंजक्या पत्र्यावर क्लिअर कोट धरत नाही, खालून गंज सरकला की पापुद्रे सुटतात, आणि एकदा मारला की परत काढता येत नाही. शिवाय तो घट्ट करायला त्यात घालतात त्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला वाईट. तिथे तर तोंडाला रुमाल बांधून फवारणी चालली होती. मी गाडी घेऊन निघालो.

आता तेलाचं. रंग आहे तसाच धरून ठेवायला जवसाचं तेल लावायचं ठरवलं. पहिली चूक माझीच. जवस घरचं, तेव्हा घाण्यावरून कच्चं तेल काढून आणलं. आई ओट्यावरून ओरडली, "आरं, चटणीचं तेल गाडीला लावायलास व्हय?" पंधरा दिवस दरवाजा चिकटच. त्यावर बागेतली सगळी धूळ, दोन माश्या आणि कापसाचं बोंड. टर्पेंटाईनने पुसून काढायला अख्खा रविवार गेला. कच्चं तेल आठवडे-आठवडे वाळत नाही. हार्डवेअरच्या दुकानात जे 'डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल' म्हणून मिळतं त्यात सुकवण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून ते एक-दोन दिवसांत धरतं. लिटरला तीनशेच्या आसपास पडलं. सुताराच्या सामानात बघा, गाडीच्या पॉलिशच्या रॅकवर सापडणार नाही. आणि हे खायचं नाही. बाटली स्वयंपाकघरापासून लांब ठेवा, आमच्या घरात तरी हे सांगावं लागलं.

दिवाळीनंतर कोरडी हवा बघून काम धरलं. साधा शाम्पू आणि स्पंज, प्रेशर वॉशर नाही, कारण सुटा रंग त्याच्याबरोबर जातो. दिवसभर उन्हात ठेवून सांधे वाळू दिले. अर्धं तेल, अर्धं टर्पेंटाईन. दादांच्या जुन्या धोतराचा तुकडा घेऊन अगदी पातळ हात, अर्ध्या तासाने उरलेलं सगळं पुसून घेतलं. पुसण्यातच खरं काम आहे, जाड राहिलं की ओघळ येतात आणि पिवळट चामडं धरतं. दोन दिवसांनी दुसरा हात.

पावसात भिजल्यावर जो निळा दिसायचा, तोच कोरड्या गाडीवर आला. लाल रेड ऑक्साईड गडद झालं, तांबूस पत्रा कॉफीसारखा. हाताला रंग लागायचा थांबला. आरटीओची कटकटही नाही. निळ्याची पांढरी केली असती तर आरसीवर नोंद बदलावी लागली असती.

एक गोष्ट मात्र ठळक सांगतो. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडतं आणि ढिगात ती साठते. माझा गोळा तासाभरात हाताला गरम लागला, शेजारी कडब्याची गंजी होती. तेव्हापासून चिंध्या पाण्याच्या बादलीत, नाहीतर एकेक सुटी पसरून वाळवतो.

वर्षभराचा अनुभव असा. शेडमध्ये राहणारी उजवी बाजू अजून ठीक आहे. टप आणि बोनेट एप्रिलपर्यंत पुन्हा मंद झाले, त्यांना वर्षातून एकदा तरी हात द्यावाच लागणार. पावसाळ्यात फाळक्याच्या खालच्या अंगाला बुरशीचे काळे ठिपके आले, साबणाने निघाले. उद्या मन बदललं आणि गाडी रंगवायचीच ठरवलं, तर आधी हे तेल पूर्ण घासून काढावं लागेल, नाहीतर नवा रंग धरणार नाही. आणि भोकाला हे औषध नाही. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा कुजला होता, तो वेल्डिंगनेच झाला. रत्नागिरीच्या साडूंनी विचारलं तेव्हा मी नको म्हटलं. आपल्याकडच्या कोरड्या हवेत गंज वरवर राहतो, खाऱ्या वाऱ्यात तो आरपार जातो.

मेणही लावून बघितलं होतं. गुळगुळीत दरवाज्यावर छान, पण खरबरीत गंजात पांढरं अडकून बसतं आणि दात घासायच्या ब्रशने काढत बसावं लागतं.

तेलाला पाचपैकी साडेतीन. एक धुळीसाठी कापला, अर्धा बुरशीसाठी.

फाळक्याचं राहिलं. पिवळ्या अक्षरांखालच्या निळ्याला इतकी वर्षं ऊन लागलंच नव्हतं. तेल जिरल्यावर तो आजूबाजूपेक्षा गडद उठला, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात 'संबी'च्या आधी 'मो' वाचता येतो.