घाना आणि गिनी: स्वातंत्र्याच्या दोन वाटा
पश्चिम आफ्रिकेतील घाना आणि गिनी हे देश अवघ्या दीड-दोन वर्षांच्या अंतराने स्वतंत्र झाले. पण राज्यकारभार हाती येण्याची रीत दोघांची अगदी वेगळी होती.

घानामध्ये सत्तांतर टप्प्याटप्प्याने झाले. १९५१ च्या निवडणुकीत क्वामे एन्क्रुमा तुरुंगात असतानाच त्यांचा पक्ष विजयी झाला, ते १९५२ मध्ये पंतप्रधान झाले आणि ६ मार्च १९५७ रोजी ब्रिटिश सत्ता संपली, तेव्हा मंत्रिमंडळाला कारभाराचा काही वर्षांचा अनुभव होता. हा सराव मला फार मोलाचा वाटतो.

गिनीला तशी सवड मिळालीच नाही. २८ सप्टेंबर १९५८ च्या सार्वमतात सेकू तुरे यांच्या नेतृत्वाखाली गिनी या फ्रेंच वसाहतीने फ्रान्सचे नेते द गॉल यांचा फ्रेंच समुदायाचा, म्हणजे फ्रान्सच्या छत्राखाली मर्यादित स्वायत्तता घेऊन राहण्याचा प्रस्ताव ९५ टक्क्यांहून अधिक मतांनी फेटाळला आणि २ ऑक्टोबरला देश स्वतंत्र झाला. फ्रान्सने सूडबुद्धीने अधिकारी माघारी बोलावले, मदत थांबवली. जाताना साधनसामग्रीही नेली. नवे शासन जवळजवळ रिकाम्या कचेऱ्यांतून उभे करावे लागले. त्या वेळी घानाने एक कोटी पौंडांचे कर्ज देऊ केले, ही गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते.

स्वातंत्र्यानंतर मात्र दोन्हीकडे एकपक्षीय राजवट आली. घानात १९६६ मध्ये लष्कराने एन्क्रुमांना पदच्युत केले, तर तुरे १९८४ मध्ये मृत्यू येईपर्यंत सत्तेवर राहिले आणि त्यांच्या काळात कॅम्प बोइरो या तुरुंगात असंख्य राजकीय कैद्यांचा बळी गेला.