परभणी-संभाजीनगर: आधी 130 चा स्पीड की आधी डबल लाइन?

सेलूच्या एका मित्रानं विचारलंय, त्यांच्या प्रवासी मंडळाचं निवेदन खासदारांकडं जायचंय, तर पहिली मागणी कोणती टाकावी, परभणी-संभाजीनगर रेल्वेचा स्पीड ताशी 130 किलोमीटर करा ही की सिंगल लाइनची डबल करायचं काम रेटा ही. हाच घोळ मागच्या वर्षी आमच्याकडं परभणीत झाला होता आणि मी आधी स्पीडवाल्यांकडून सही केली होती, म्हणून जरा मोकळं लिहितो.

स्पीडची बाजू लंगडी नाही बरं का. लाइन मूळ निजामाच्या काळातली, 1900 च्या आसपासची मीटरगेज (अरुंद रुळांची), ब्रॉडगेज (रुंद रुळांची) झाली ती नव्वदच्या दशकात. मीटरला 60 किलो वजनाचे जड रूळ टाका, पॉइंट्स (गाडी एका रुळावरनं दुसऱ्यावर वळते ती जागा) बदला, वळणं नीट करा, फाटकं बंद करून खालून रस्ता काढा (पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी, तो विषय वेगळा), की आहे त्याच जागेवर काम भागतं, जमिनीची भानगड फारशी नाही. डबल लाइनला पूल, यार्ड, जमीन सगळं नव्यानं, आणि काम चालू असताना ब्लॉकवर ब्लॉक, म्हणजे कामासाठी गाड्या बंद. संभाजीनगर-परभणी 177 किलोमीटरला केंद्राची मंजुरी 31 जुलै 2025 ला मिळाली खरी, पण मंजुरी मिळणं वेगळं आणि दुसऱ्या रुळावरनं गाडी जाणं वेगळं.

मग मी सही का फिरवली? आईला डोळे दाखवायला संभाजीनगरला घेऊन चाललो होतो, नंबर साडेअकराचा. गाडी परतूरपर्यंत टायमात, म्हणलं आज जमतंय. पुढं रांजणीला समोरच्या गाडीला वाट द्यायला लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, घेतली ती घेतलीच. वीस मिनिटांनी समोरची गाडी धडधडत गेली, लोकं उठून बॅगा सावरायला लागली, आणि सिग्नल लालच, कारण त्या गाडीमागं अजून एक होती. उकडलेल्या शेंगा विकणारा पोरगा दोन डबे फिरून परत आमच्याकडं आला तरी गाडी तिथंच. आई म्हणली, "आपल्या गाडीला कुणी वाली नाही का रे?" नंबर गेला, दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं. त्या दिवशी लाइन 130 ची असती तर आम्ही रांजणीला लवकर पोचलो असतो आणि तिथं जास्त वेळ बसलो असतो, एवढाच फरक.

घरी येऊन मोबाईलवर साधा हिशोब केला. 177 किलोमीटर कुठंच न थांबता 110 नं गेलं तर साधारण 97 मिनिटं, 130 नं 82. वाचली पंधरा मिनिटं, आणि मानवत रोड, सेलू, परतूर, जालना घेणाऱ्या गाडीला तेवढीपण नाहीत, स्पीड धरेपर्यंत ब्रेक लागतो. एक वाईट क्रॉसिंग, म्हणजे समोरच्या गाडीसाठी असं थांबणं, ते सगळं गिळून वर ढेकर देतं.

उलट परभणी-मुदखेड बघा, तिकडं 81 किलोमीटर डबल झालेलं आहे. नांदेडला मेव्हणा असतो त्यामुळं जाणं-येणं कायम, आणि पूर्णा सोडलं की समोरच्या गाडीसाठी कुठं खोळंबलोय असं मला तरी आठवत नाही. माझं घड्याळ म्हणजे काही मोजमाप नाही, गर्दीच्या दिवशी तिकडंही रखडत असेल, पण "गाडी कुठवर आलीय" असा मेव्हण्याचा फोन आता येत नाही.

अजून एक. वंदे भारत डिसेंबर 2023 ला जालन्याहून सुरू झाली, ऑगस्ट 2025 मध्ये नांदेडपर्यंत आली, चांगलंच झालं. पण सिंगल लाइनवर एका गाडीला मोकळा रस्ता द्यायचा म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी लूपमध्ये घालायचं, आणि तो दुसरा कोण ते पॅसेंजरवाल्यांना विचारा. नुसता स्पीड वाढवला तर हे कमी होईल का, मला शंका आहे. तुमच्या मंडळात कायम मुंबईला जाणारे जास्त असतील तर त्यांना माझं पटणार नाही, ठीक आहे.

आमच्या निवेदनात शेवटी एक नंबरला डबल लाइन आली, त्यातही परभणी-सेलू तुकडा आधी. स्पीड तिसऱ्या नंबरवर. दोन नंबरला आम्ही लहान स्टेशनांवर सावलीची शेड आणि प्यायचं पाणी मागितलं, कारण डबल लाइन होईस्तोवर बसायचं तिथंच आहे.