कॉन्व्हेंट की जिल्हा परिषदेची शाळा?

वेंगुर्ला-मालवण पट्ट्यात पहिलीच्या प्रवेशाला हा प्रश्न घरोघरी निघतो. कॉन्व्हेंट राज्य मंडळाची असेल तर अभ्यासक्रम एकच. फरक माध्यमाचा आणि फीचा. जिल्हा परिषदेत पोषण आहार मिळतो, आणि इंग्रजी २००० पासून पहिलीपासूनच आहे.

कॉन्व्हेंटमध्ये धर्म लादतील ही भीती मला पटत नाही. बहुतेक ठिकाणी कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण असतं, तेव्हा बाकीच्यांना मूल्यशिक्षण. मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही. संविधानाचं कलम २८(३) तेच सांगतं. क्षमा करणं, खरं बोलणं, डबा वाटून खाणं कुठल्या घराला नकोय?

तरीही घरात मालवणी बोलणाऱ्या मुलाला मी चौथीपर्यंत मराठी शाळेतच घालेन. बेरजेत हातचा का घ्यायचा, हे त्याला आधी आपल्या भाषेत कळू दे.